‘कसंतरी होतंय’ म्हणजे नेमकं काय होतंय?

भीतीबद्दल मराठीत बोलायला लागलं की आपण मनापेक्षा शरीराबद्दलच जास्त बोलतो. छातीत धडधडतं, पोटात गोळा येतो, तोंडचं पाणी पळतं, हातपाय गार पडतात, दरदरून घाम फुटतो, काळजाचा ठोका चुकतो. शाळेत या सगळ्यांपुढे आपण ‘खूप घाबरणे’ एवढंच लिहून मार्क घेतले. पण यातला एकही वाक्प्रचार हवेतला नाही. गेली अडीच वर्षं यातले निम्मे तरी मला आठवड्यातून एकदा-दोनदा होतात, म्हणून हे खात्रीने सांगते.

माझं थोडक्यात असं : अचानक धडधड सुरू होते, छातीत डावीकडे टोचतं, बोटांना मुंग्या येतात आणि श्वास पुरत नाही असं वाटतं. माझ्या काकांना ४६व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता, त्यामुळे घरात ‘छाती’ हा शब्द काढला तरी सगळे गप्प होतात. तीन ईसीजी झाले, एक टू-डी एको झाला, हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर सगळं तपासून झालं. रिपोर्ट स्वच्छ. डॉक्टर इंदूरचे, हिंदीतच बोलले, “बेटा, घबराहट है.” आजीने मीठ-मोहरी घेऊन दृष्ट काढली. मावशी म्हणाली, “अगं, काही नाही झालेलं तुला, मनाचे खेळ आहेत.”

मावशीचं प्रेम मला कळतं. पण ‘काही नाही’ हे शब्द मला सगळ्यात जास्त लागले, कारण काहीतरी होतं हे नक्की. काय होतं, ते समजून घ्यायला मी गेल्या वर्षभरात बरंच वाचलं, डॉक्टरांना विचारलं. ते इथे मांडते.

धोका जाणवला की मेंदू शरीराला पळायला किंवा लढायला तयार करतो. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९१५ साली यावर अख्खं पुस्तक लिहिलं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या छोट्या ग्रंथींतून ॲड्रेनलिन रक्तात येतं. हृदय जोरात चालतं, ती धडधड. रक्त कातडीकडून मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून हातपाय गार. पचनाचं काम तात्पुरतं बाजूला पडतं, तो पोटातला गोळा. लाळ कमी होते, ते तोंडचं पाणी. वाघ समोर असेल तर ही सगळी व्यवस्था उत्तम आहे. व्हायवाच्या आदल्या रात्री अंथरुणात पडलेलं असताना पळायला जागा नसते, आणि तयारी मात्र तेवढीच होते.

ठोका चुकण्याची गोष्ट मला सगळ्यात आवडली. ठोका बहुतेक वेळा चुकत नाही, तो लवकर येतो. एक जादा ठोका वेळेआधी पडतो, मग जरा मोठी विश्रांती, आणि त्या वेळात हृदयात जास्त रक्त भरतं म्हणून पुढचा ठोका ‘धप्प’ असा जाणवतो. आपल्याला विश्रांती आणि धप्प तेवढं कळतं. असे जादा ठोके निरोगी माणसांनाही पडतात, झोप कमी झाली किंवा चहा-कॉफी जास्त झाली की आणखी.

मुंग्यांचं कारण श्वासात आहे. घाबरल्यावर आपण भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. त्यामुळे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात आणि गरगरतं. ओठांभोवती, बोटांत मुंग्या येतात. गंमत अशी की ऑक्सिजन भरपूर असतो, तरीही गुदमरल्यासारखं वाटतं, म्हणून माणूस आणखी जोरात श्वास घेतो आणि सगळंच वाढतं.

हे झालं शरीराचं. मग ते परत परत का होतं? ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलेलं उत्तर मला पटतं. एक साधी धडधड होते, कदाचित जिना चढल्यामुळे. मन तिचा अर्थ लावतं : अटॅक. त्या अर्थाची भीती वाटते, भीतीने ॲड्रेनलिन येतं, धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड हाच पुरावा ठरतो. पुढे शरीरावर पहारा बसतो. नाडी मोजायची, घड्याळावरचा आकडा बघायचा, मोबाईलवर लक्षणं शोधायची. पहारा बसला की एरवी कळलीच नसती अशी बारीक हालचालही कळायला लागते.

हे आजच्या पिढीचं नाजूकपण आहे असं कुणी म्हणालं, तर त्यांना डा कोस्टा यांचं नाव सांगावं. अमेरिकन यादवी युद्धातल्या सैनिकांना धडधड, छातीत दुखणं, धाप असा त्रास होत होता आणि अनेकांच्या हृदयात दोष सापडत नव्हता. त्यांनी १८७१ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. चार्ल्स डार्विनने तर आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की १८३१ साली ‘बीगल’ जहाज सुटायची वाट बघत प्लिमथला असताना त्याला धडधड होत होती, हृदयाजवळ दुखत होतं, आणि आपल्याला हृदयरोग आहे अशी त्याची खात्री होती. डॉक्टरकडे गेला नाही, कारण त्याने जाऊ नको म्हटलं असतं. जवळपास पाच वर्षं जगभर हिंडून आला आणि ७३ वर्षं जगला. पुढे आयुष्यभर त्याला पोटाचा, धडधडीचा त्रास होता. त्याचं कारण काय, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

डार्विनचं डॉक्टर टाळणं मात्र उचलू नका. ‘चिंतेमुळे असेल’ हे तपासणीनंतरचं वाक्य आहे, आधीचं नव्हे. जास्त चालणारं थायरॉईड, रक्ताची कमतरता, हृदयाच्या लयीतला बिघाड, दमा हे सगळे असाच वेष घेऊन येतात. साधा ईसीजी काही सेकंदांचीच नोंद घेतो; म्हणून त्रास अधूनमधून होत असेल तर डॉक्टर कधी कधी २४ तासांचं हॉल्टर लावायला सांगतात. श्रम करताना छातीत दुखलं, दुखणं हातात किंवा जबड्यात गेलं, शुद्ध हरपली, वजन आपोआप उतरलं, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर “माझं नेहमीचंच आहे” म्हणत बसू नये. आणि डॉक्टरांपुढे नुसतं ‘कसंतरी होतंय’ म्हणू नये. मी वहीत लिहून नेते : किती वाजता, किती वेळ, तेव्हा काय चाललं होतं, आधी काय खाल्लं होतं. वही बघून डॉक्टर पहिल्यांदा पाच मिनिटांहून जास्त बोलले.

माझ्यासाठी अवघड भाग ‘असेल’ या शब्दाचा आहे. शंभर टक्के खात्री कोणताही रिपोर्ट देत नाही, आणि दर महिन्याला नवा ईसीजी काढला तर दिलासा चार दिवस टिकतो. डॉक्टरांशी माझं ठरलंय : नवं, वेगळं लक्षण आलं तर लगेच यायचं; जुनंच असेल तर तपासणी नाही. समुपदेशक बाईंकडे मी दहा आठवडे गेले. त्यांनी जागच्या जागी धावायला लावलं, खुर्चीत गोल फिरवलं, मुद्दाम धडधड आणि गरगर आणली. धडधड आली, वीसेक मिनिटांत गेली, मी तिथेच होते. ऐकायला विचित्र वाटतं, पण औषधाच्या गोळीइतकाच हा मान्य उपचार आहे. काहींना गोळ्याही लागतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, आणि त्या मनाने बंद करायच्या नसतात. श्वास बाहेर सोडायला आत घेण्यापेक्षा जास्त वेळ देणं मला उपयोगी पडतं. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा सिनेमातला उपाय करू नका. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा निघाला तर तो घातक ठरू शकतो.

त्रास गेलेला नाही. गेल्या महिन्यात मंडळाच्या कार्यक्रमात सूत्रसंचालन करताना दुसऱ्या कवितेनंतर बोटांना मुंग्या आल्या. मी कागद टेबलावर ठेवला, म्हणजे थरथर दिसू नये, आणि तिसऱ्या कवीचं नाव घेतलं.

वर्गात शेजारी बसलेल्या कुणाला असं झालं तर “काही नाही झालं” म्हणू नका. “होतंय ना, मी बसते इथे” इतकं पुरतं. पहिल्यांदाच होत असेल तर मात्र दवाखान्यात न्या. रात्री-अपरात्री बोलायला कुणी नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, फुकट आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येतं. मावशीलाही मी हा नंबर दिलाय; तिच्या पोटात दर सोमवारी सकाळी गोळा येतो, आणि तिला वाटतं गॅस आहे. आधी सोनोग्राफी करून घे, असं मी तिला सांगितलंय.