उपकरप्राप्त म्हणजे काय रे भाऊ?

तर झालं असं, की मे महिन्याच्या सुट्टीत मी गिरगावात आजीकडे गेले होते. चाळीच्या जिन्यात एक नोटीस लागली होती. आजी म्हणाली, "सिव्हिलला आहेस ना? वाचून सांग काय लिहिलंय." मी वाचायला लागले आणि 'उपकरप्राप्त' या शब्दावर अडकले! कॉन्व्हेंटचं मराठी, दुसरं काय. आजीला मात्र एवढंच विचारायचं होतं, "चाळ पाडली तर माझी खोली जाणार का गं?"

मला उत्तर येईना. मग शोधलं. जे सापडलं ते तुमच्यासाठी.

उपकर म्हणजे सेस. मुंबई शहरातल्या, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतच्या, 30 सप्टेंबर 1969 पूर्वीच्या भाड्याच्या इमारतींवर हा कर बसतो आणि महापालिका तो गोळा करते. त्या बदल्यात म्हाडाचं 'मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ' त्यांची स्ट्रक्चरल दुरुस्ती करतं. सुरुवातीला अशा 19,642 इमारती होत्या. आज 13-14 हजार उरल्यात.

पण मालक असताना सरकारने दुरुस्ती का करायची? कारण 1947 च्या भाडे कायद्याने भाडी जवळजवळ 1940 च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला संरक्षण मिळालं, पण महिन्याला शंभर रुपयेसुद्धा न देणाऱ्या खोलीवर मालक कशाला खर्च करेल? लाकडी तुळया कुजत राहिल्या. 2017 मध्ये भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळली, तीसहून जास्त माणसं गेली.

दर वर्षी पावसाळ्यापूर्वी मंडळाचे इंजिनिअर पाहणी करतात आणि अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर होते. दुरुस्तीच्या खर्चाला प्रति चौरस मीटर मर्यादा असते. खर्च त्यापुढे गेला, तर पुनर्बांधणीचा विचार होतो. तोवर राहायला संक्रमण शिबिर. तिथेच खरी मेख आहे! काही कुटुंबांच्या दोन-दोन पिढ्या 'तात्पुरत्या' शिबिरात गेल्यात. ज्यांची जुनी इमारत पुन्हा उभी राहूच शकत नाही, त्यांच्यासाठी 'बृहतसूची' असते. त्यातून दुसरीकडे घर मिळतं.

आता कायद्यात 79-अ हे कलम आलंय. इमारत धोकादायक ठरली की मालकाला पुनर्विकासाचा प्रस्ताव द्यायला सहा महिने. त्याने दिला नाही, तर भाडेकरूंच्या नियोजित सोसायटीला सहा महिने. तेही जमलं नाही, तर म्हाडा जागा संपादित करून स्वतः बांधते. (या नोटिसांवरून 2025 मध्ये प्रकरण हायकोर्टात गेलं, म्हणजे सगळं सुरळीत आहे असं समजू नका.) विकास नियमावलीच्या 33(7) नुसार पुनर्विकासात पात्र भाडेकरूला किमान 300 चौरस फूट कार्पेटचं घर मिळतं. आजीची खोली त्याच्या निम्मीसुद्धा नाही!

मी खूश होऊन आजीला सांगितलं, "खोली जाणार नाही, उलट मोठी मिळेल." मग एक शब्द पुन्हा वाचला: 'पात्र'. मंडळ भाडेकरूंची यादी प्रमाणित करतं, आणि त्यासाठी लागतात कागद. आजीने बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. पावत्या सगळ्या होत्या, अगदी वर्षवार. पण नाव? आजोबांचं. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली!

कायद्याने मृत भाडेकरूसोबत राहणाऱ्या घरच्या माणसाला हक्क मिळतो, त्यामुळे आजीचा हक्क आहेच. पण यादी करणाऱ्याला तो कागदावर दिसायला हवा ना? दुसऱ्या दिवशी आम्ही मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, वीजबिल जोडून मालकाला पावती बदलण्यासाठी अर्ज दिला आणि पोच घेतली. मग शेजारच्या काकूंनी त्यांचा डबा आणला. त्यांची पावती तर सासऱ्यांच्या नावावर! संध्याकाळपर्यंत असे चार डबे झाले.

मित्रहो, बीम-कॉलमचं डिझाइन आपण शिकतोच. पण या सुट्टीत घरी गेलात, तर एकदा आजीचा डबाही उघडा. पावतीवर कोणाचं नाव आहे, तेवढं बघा.