पाण्याचे अर्थकारण – लेखांक पाचवा : मंजुरी आणि तरतूद

मागील लेखांकात नदीखोऱ्यातील पाण्याचा हिशेब कसा मांडतात, आणि चारांपैकी तीन वर्षे जेवढे पाणी हमखास मिळेल तेवढेच गृहीत धरून धरणाची क्षमता का ठरवितात, याचे विवेचन आपण केले. पाण्याचा हिशेब जुळला म्हणजे पैशाचा प्रश्न उभा राहतो. एखाद्या तालुक्यात ‘प्रकल्प मंजूर झाला’ अशी वार्ता येते, हारतुरे होतात, सत्कार होतात. परंतु मंजुरी ही एक बाब आणि तरतूद ही दुसरी, पहिली एकदा मिळाली की मिळाली, दुसरी मात्र दरसाल नव्याने मागावी लागते, हा भेद त्या उत्साहात सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. आजच्या लेखांकाचा विषय हाच भेद होय.

इंग्रजी अमदानीत पाटबंधाऱ्याच्या कामांचे दोन वर्ग कल्पिलेले होते. ज्या कालव्याच्या पाणीपट्टीतून गुंतविलेल्या भांडवलाचे व्याज सुटेल तो ‘उत्पादक’, आणि त्यासाठी कर्ज उभारण्यास सरकारची हरकत नसे. ज्यातून व्याज सुटण्याची आशा नाही, परंतु दुष्काळात रयतेचे प्राण वाचतील, तो ‘संरक्षक’, आणि त्याचा खर्च महसुलाच्या शिलकेतून किंवा दुष्काळनिवारणाच्या रकमेतून भागवावा लागे. पंजाबचे मोठे कालवे पहिल्या वर्गात बसले. दख्खनच्या अवर्षणग्रस्त पठारावरील कामे बहुतांशी दुसऱ्या वर्गात पडली. ज्या मुलखाची निकड सर्वांत मोठी, त्याचीच पत सरकारदरबारी सर्वांत कमी, असा हा न्याय होता. या मोजमापातील उणीव धनंजयराव गाडगीळ यांच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने गोदावरी व प्रवरा कालव्यांची पाहणी करून दाखवून दिली. 1948 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत कालव्याची किंमत केवळ पाणीपट्टीच्या वसुलीवरून न ठरविता, त्याच्या पाण्याने परिसरात जे प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभ झाले त्यांचाही हिशेब घेतला होता. आणि पुढे 1964 साली गाडगीळ यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने लाभ व व्यय यांच्या गुणोत्तराची कसोटी सुचविली. तीच कसोटी आज प्रचलित आहे : सर्वसाधारण प्रदेशात हे गुणोत्तर दीड असावे, अवर्षणप्रवण प्रदेशात एक असले तरी चालेल.

सविस्तर प्रकल्प अहवालाच्या जाडजूड बाडात या गुणोत्तराचा तक्ता जेमतेम पानभराचा असतो; पण प्रकल्पाचे भवितव्य त्या पानावर ठरते. एका बाजूस प्रकल्पापूर्वीचे व प्रकल्पानंतरचे पीकउत्पन्न, त्यातून वजा जाता निव्वळ वाढ. दुसऱ्या बाजूस भांडवली खर्चावर 10 टक्के व्याज, 1 टक्का घसारा आणि देखभालीचा वार्षिक खर्च. पीकरचनेत बागायतीचे क्षेत्र थोडे अधिक धरले, की लाभाची बाजू फुगते. भूसंपादन व पुनर्वसन यांची रक्कम थोडी आखडून धरली, की व्ययाची बाजू आटते. आणि दोहोंच्या संगनमताने गुणोत्तर इष्ट आकड्यापाशी येऊन ठेपते. कोणी बुद्ध्या लबाडी करतो असे मुळीच नव्हे. परंतु कमी अंदाजपत्रकाला मान्यता लवकर मिळते व खऱ्या अंदाजपत्रकाला उशिरा, ही गोष्ट या दफ्तरात वावरणाऱ्यांना सांगावी लागत नाही. त्यानंतर प्रशासकीय मान्यता, केंद्राचे साह्य हवे असल्यास केंद्रीय जल आयोगाची छाननी, तांत्रिक सल्लागार समितीची संमती, पर्यावरण व वनजमिनीच्या परवानग्या, अशी मजल दरमजल करीत ते बाड पुढे सरकते.

मान्यतेनंतर काय होते, याचे उदाहरण म्हणून भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात वैनगंगेवर बांधलेल्या गोसीखुर्द प्रकल्पाकडे पाहावे. 1983 साली त्याला प्रशासकीय मान्यता मिळाली तेव्हाचे अंदाजपत्रक 372 कोटी रुपयांचे होते. 1988 च्या एप्रिलात पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते पायाभरणी झाली. भंडारा, नागपूर व चंद्रपूर या तीन जिल्ह्यांतील अडीच लाख हेक्टर भूमी भिजविण्याचा संकल्प होता. 1996-97 साली केंद्राने अपुऱ्या पाटबंधाऱ्यांसाठी वेगवर्धित सिंचन लाभ कार्यक्रम काढला, त्यात गोसीखुर्दचा समावेश झाला. 2009 साली त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, आणि उर्वरित सिंचनखर्चाच्या 90 टक्के अनुदानाची वाट मोकळी झाली, जरी हा वाटा केंद्राने पुढे कमी केला. इतका राजाश्रय लाभूनही 2016 साली सुधारित खर्चाचा आकडा 18,494 कोटींवर पोहोचला, आणि नदीवर भिंत उभी राहून जलाशयात पाणी साठू लागल्यावरही कालवे, वितरिका व चाऱ्या यांची कामे वर्षानुवर्षे रेंगाळतच राहिली.

ही वाढ केवळ सिमेंट-लोखंडाच्या भाववाढीने झाली नाही. भूसंपादनाचा मोबदला वाढला, पुनर्वसनाची देणी वाढली, कामाची व्याप्ती बदलली; परंतु या सर्व कारणांना जो खतपाणी घालतो तो विलंब होय, आणि विलंबाचे मूळ तुटपुंज्या तरतुदीत आहे. राज्याने पन्नास कामांना मंजुरी द्यावी व खजिन्यात दहांपुरताच पैसा असावा, म्हणजे प्रत्येकाच्या पदरी अक्षता टाकल्यासारखी रक्कम पडते; ठेकेदार काम थांबवितो, थकलेल्या देयकांवर तंटे उद्भवतात, दरसूची बदलते, सुधारित प्रशासकीय मान्यतेचा प्रस्ताव पुन्हा वरवर जातो आणि तो परत येईतो आणखी एक हंगाम उलटतो. केंद्राचे अनुदानही हप्त्याहप्त्याने येते. मागील हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर गेले नाही, किंवा राज्याने आपला हिस्सा खर्ची घातला नाही, तर पुढील हप्ता अडतो. मग दिल्लीने मुंबईकडे व मुंबईने दिल्लीकडे बोट दाखवावे, हा क्रम ठरलेलाच.

धरणाची भिंत डोळ्यांत भरते, तिचे उद्घाटन करता येते, तिची छायाचित्रे छापता येतात. शेवटच्या गावची चारी यांपैकी कशालाच पात्र नसते. म्हणून अपुरा निधीही बहुधा मुखाकडे खर्ची पडतो आणि पुच्छाकडचा शेतकरी कोरडा राहतो. 2016 साली केंद्राने देशातील 99 अपूर्ण प्रकल्प निवडले, त्यांत महाराष्ट्राचे 26 घेतले आणि राज्यांच्या हिश्शासाठी नाबार्डमार्फत कर्जाची सोय केली. नव्या पायाभरणीपेक्षा जुन्याची पूर्तता श्रेयस्कर, हे तत्त्व त्यामागे होते. तत्त्व योग्यच, पण ते जनतेच्या मागणीत उतरल्यावाचून टिकणार नाही.

तेव्हा निधीसाठी शिष्टमंडळ घेऊन मंत्रालयाच्या पायऱ्या चढणाऱ्यांनी ‘आमच्या भागाला प्रकल्प द्या’ असे न म्हणता तीन प्रश्नांची लेखी उत्तरे मागावी : चालू दरसूचीप्रमाणे उर्वरित खर्च किती, भूसंपादन व पुनर्वसनाची थकलेली देणी किती, आणि यंदाच्या तरतुदीतून कालव्याच्या कोणत्या किलोमीटरपासून कोणत्या किलोमीटरपर्यंतचे काम कोणत्या महिन्यात पुरे होऊन किती हेक्टर भिजेल. ज्या प्रकल्पाला ही उत्तरे देता येत नाहीत, त्याला मिळालेली मंजुरी हा एक सन्मान आहे, सिंचन नव्हे.

आता प्रश्न असा उरतो की अपुरा पैसा वाटायचाच, तर तो कोणत्या विभागाला किती द्यावा, आणि हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा. दांडेकर समितीने 1984 साली मांडलेला अनुशेष आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद 371(2) अन्वये राज्यपालांकडे आलेली जबाबदारी यांचा विचार पुढील लेखांकात करू.