निर्वातातला इलेक्ट्रॉनांचा लोंढा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

उपग्रहातल्या ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंतच्या वाटेवर बोटाच्या पेराएवढे कोॲक्सिअल कनेक्टर असतात. मधोमध पिन, भोवती टेफ्लॉन आणि बाहेर धातूचे कवच, एवढीच त्यांची रचना. एकदा उपग्रह कक्षेत गेला की त्यातला कनेक्टर बदलायला सहसा कोणी जाऊ शकत नाही. म्हणून त्याला निकामी करू शकणारी ‘मल्टिपॅक्टर’ ही घटना नीट समजून घेणे फार गरजेचे आहे.

गैरसमज 1 : निर्वातात हवाच नसते, मग डिस्चार्ज होईल कसा?

वस्तुस्थिती : या डिस्चार्जला हवा लागत नाही, धातूचा पृष्ठभाग पुरतो. पिन आणि कवच यांच्यातल्या फटीत एखादा मोकळा इलेक्ट्रॉन असतोच. अंतराळातल्या प्रारणामुळे त्यांचा तुटवडा पडत नाही. रेडिओ लहरीचे विद्युतक्षेत्र त्याला समोरच्या भिंतीवर आपटते आणि या धक्क्याने धातूतून दुय्यम इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. नेमक्या त्याच वेळी क्षेत्राची दिशा उलटली, तर ते सगळे परत पहिल्या भिंतीकडे धावतात. झोपाळ्याला योग्य क्षणी धक्का मिळत राहावा, तसा हा मेळ आहे.

1 गिगाहर्ट्झला अर्धे आवर्तन सेकंदाच्या दोन अब्जाव्या भागात संपते. प्रत्येक आपटीला सरासरी दीड इलेक्ट्रॉन निघतो असे धरले, तर 50 फेऱ्यांत एकाचे साठ कोटींहून अधिक होतात, तेही 25 नॅनोसेकंदांत. पुढे इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर ढकलू लागतात आणि वाढीला लगाम बसतो. पण तोवर सिग्नलमध्ये गोंगाट शिरलेला असतो, शक्ती परावर्तित होऊ लागते आणि धातू तापू लागतो. दूरचित्रवाणीच्या जनकांपैकी एक असलेल्या फायलो फार्न्सवर्थ यांनी 1934 मध्ये हाच परिणाम मुद्दाम घडवून निर्वात नळीत इलेक्ट्रॉनांचा प्रवाह वाढवला होता.

गैरसमज 2 : मल्टिपॅक्टर म्हणजे कोरोनाच.

वस्तुस्थिती : कोरोनात वायूचे रेणू फुटून आयन बनतात, त्यामुळे त्याला वायू हवाच. जर्मन शास्त्रज्ञ फ्रिडरिश पाश्चेन यांनी 1889 मध्ये दाखवले, की वायूचा दाब आणि फटीचे अंतर यांच्या गुणाकारावर डिस्चार्जचे व्होल्टेज ठरते, आणि एका ठरावीक गुणाकाराला ते सर्वांत कमी होते. एकदिश व्होल्टेजला हवेसाठी हा नीचांक साधारण 330 व्होल्ट आहे. रॉकेट वर चढताना दाब घसरतो आणि उपकरणे याच धोक्याच्या पट्ट्यातून जातात. मल्टिपॅक्टर त्याच्या पलीकडे, जवळपास पूर्ण निर्वातात घडतो.

दोघांचे नाते मात्र आहे. मल्टिपॅक्टरने पृष्ठभाग तापला की त्यातला अडकलेला वायू सुटतो, फटीतला दाब वाढतो आणि कोरोना पेटू शकतो. खरी जाळपोळ बहुधा तिथून सुरू होते. म्हणूनच अंतराळासाठीच्या कनेक्टरला हवा निघून जायला बारीक छिद्रे ठेवतात.

गैरसमज 3 : सोन्याचा मुलामा असला की काळजी नाही.

वस्तुस्थिती : सोने गंजत नाही आणि संपर्क चांगला ठेवते, म्हणून मुलामा देतात. पण ठरावीक ऊर्जेच्या पट्ट्यात सोने, चांदी, तांबे आणि ॲल्युमिनियम हे सगळेच एका इलेक्ट्रॉनला एकापेक्षा जास्त इलेक्ट्रॉन परत देतात. बोटाचा तेलकट ठसा, फ्लक्सचा अंश किंवा ऑक्साइडचा थर असला की प्रमाण बरेचदा आणखी वाढते.

उलट, इलेक्ट्रॉनांचा मारा बेताने चालू ठेवला तर पृष्ठभाग स्वच्छ होत जातो. मुंबईत टीआयएफआरच्या आवारातल्या पेलेट्रॉन-लिनॅक या प्रवेगकात वापरतात तसले पाव-तरंग रेझोनेटर म्हणजे एका टोकाला बंद केलेली कोॲक्सिअल लाइनच. अशा रेझोनेटरना कामाला लावण्यापूर्वी रेडिओशक्ती देऊन मल्टिपॅक्टर ‘जिरवावा’ लागतो. प्रयोगशाळेत हे जमते, कक्षेत त्यावर भिस्त ठेवता येत नाही.

गैरसमज 4 : आत टेफ्लॉन ठासून भरले की फट उरत नाही.

वस्तुस्थिती : कनेक्टरची जोडी उघडून पाहा. नराचे टेफ्लॉन आणि मादीचे टेफ्लॉन जिथे भेटतात, तिथे बारीक फट राहते. पिनवरून निघालेला इलेक्ट्रॉन त्या फटीतून थेट कवचापर्यंत जाऊ शकतो. म्हणून जास्त शक्तीच्या कनेक्टरमध्ये दोन्हीकडची टोके एकमेकांवर चढतील अशी घडवतात, म्हणजे सरळ वाट बंद होते. धोका वारंवारता आणि अंतर यांच्या गुणाकारावर ठरतो. अगदी अरुंद फटीत इलेक्ट्रॉनला पुरेशी ऊर्जा मिळत नाही, रुंद फटीत व्होल्टेज जास्त लागते. मधला पट्टा सर्वांत वाईट.

गैरसमज 5 : सरासरी वॉट मर्यादेत असले की झाले.

वस्तुस्थिती : इथे शिखर व्होल्टेज पाहावे लागते. 50 ओहमच्या लाइनमध्ये 100 वॉटला शिखर 100 व्होल्ट असते. प्रत्येकी 20 वॉटचे दहा सिग्नल एकत्र गेले तर सरासरी 200 वॉट होते. पण दहांची शिखरे एका क्षणी जुळली की व्होल्टेज एका सिग्नलच्या दहापट आणि शक्ती शंभरपट, म्हणजे 2000 वॉट होते. पलीकडून पूर्ण परावर्तन झाले तर लाइनवर काही ठिकाणी व्होल्टेज दुप्पट होते, ते वेगळेच.

गैरसमज 6 : टेबलावर चालला, म्हणजे अंतराळातही चालेल.

वस्तुस्थिती : टेबलावर हवा असते. हवेच्या रेणूंवर आदळत इलेक्ट्रॉनची धाव मोडते, म्हणून तिथे मल्टिपॅक्टर दिसतच नाही. खरी चाचणी निर्वात कक्षात होते. तिथेही सुरुवातीचा इलेक्ट्रॉन वेळेवर हजर नसेल, तर सदोष भागसुद्धा पास होऊ शकतो. म्हणून किरणोत्सारी स्रोत, अतिनील दिवा किंवा इलेक्ट्रॉन गन लावून इलेक्ट्रॉन मुद्दाम पुरवतात आणि परावर्तित शक्ती व हार्मोनिक यांच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात.

त्यामुळे डेटाशीटवरचा हवेतला वॉटचा आकडा निर्वातासाठी कधीही गृहीत धरू नये. कोणत्या वारंवारतेला, किती शिखर शक्तीला आणि इलेक्ट्रॉन पुरवून चाचणी झाली का, हे तीन प्रश्न पुरवठादाराला विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत. कनेक्टर हाताळताना हातमोजे घालायलाच हवेत.