राडा, रफी आणि लास्ट ऑर्डर

परमिट रूममधली भांडणं दारूवरून होत नाहीत. ती बिलावरून होतात, खुर्चीवरून होतात, क्रिकेटवरून होतात, जुन्या उधारीवरून तर हमखास होतात. दारू फक्त त्यांना मोकळं रान देते. परळ-लालबागच्या पट्ट्यात काउंटरमागे उभं राहून माझी उमेदीची वर्षं गेली. पोऱ्या म्हणून ग्लास धुतले, मग वेटर, मग काउंटर. या काळात दोन गोष्टींचा नाद लागला. एक, राडा नेमका कुठून सुरू होतो हे बघण्याचा. आणि दुसरा, जुन्या हिंदी गाण्यांचा.

मालकापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळे एकच सांगतात, ‘जुनी गाणी लावा, लोक शांत बसतात.’ मला हे अर्धंच पटतं. जुन्या गाण्यांनी लोक बसतात खरे, पण बसलेला माणूस शांतच असतो असं नाही. कोणतं गाणं, किती वाजता आणि केवढ्या आवाजात, यावर बारची रात्र ठरते. आणि आमच्या धंद्याची गोची अशी की, जी गाणी मला सगळ्यात जास्त आवडतात तीच रात्री उशिरा लावायला सगळ्यात वाईट.

पेगाचा हिशेब

आधी दारूचा हिशेब मांडू, कारण तो काउंटरवरच्या माणसालाच रोज मांडावा लागतो. आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्क्यांची. साठ मिलिलिटरच्या एका लार्जमध्ये जवळपास २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निकालात काढतं. म्हणजे एक लार्ज पुरता उतरायला दोन-तीन तास. गिऱ्हाईक तेवढ्या वेळात चार रिचवतं. राहिला ‘मी नुसती बिअर घेतो’ म्हणणारा. स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली आठ टक्क्यांची असली तर तिच्यात ४० ग्रॅम भरतात, म्हणजे दोन लार्ज. दोन बाटल्या संपवून तो स्वतःला बिनधोक समजतो आणि गाडीची किल्ली काढतो. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांचा दंड, नाहीतर दोन्ही.

दुसरी गोष्ट वेळाची. घेतलेली दारू रक्तात पुरती चढायला अर्धा ते दीड तास लागतो, रिकाम्या पोटी त्याहून कमी. म्हणून ‘लास्ट ऑर्डर’ ऐकून घाईघाईने मारलेला लार्ज बारमध्ये दिसतच नाही. तो फुटपाथवर दिसतो, पानाच्या टपरीपाशी दिसतो, रिक्षावाल्याशी घातलेल्या हुज्जतीत दिसतो. पोलीस आल्यावर नाव मात्र बारचंच लागतं.

चढलेल्या माणसाचं डोकं कसं चालतं, यावर क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये एक मांडणी केली. प्यालेल्याला जवळचं, ठळक, आत्ताचं तेवढंच दिसतं. त्यापलीकडचं दिसेनासं होतं. आम्हाला हे रोज दिसतं. मागून लागलेला कोपर त्याला कळतो, पण जागा अरुंद आहे आणि मागचा माणूस बाथरूमकडे चाललाय हे कळत नाही. बिलावरचा जादा सोडा दिसतो, तो आपल्याच मित्राने मागवला होता हे आठवत नाही. म्हणून तापलेल्या माणसाला समजावण्यात अर्थ नसतो. त्याच्यासमोर दुसरं काहीतरी ठळक आणून ठेवावं लागतं: गरम बॉइल्ड अंडं, ओळखीचा चेहरा, नाहीतर गाणं.

दोन बंद्या

मला आवडणारी गाणी बहुतेक पन्नासच्या दशकातली. त्यांचा आणि दारूचा संबंध मोठा मजेशीर आहे. १९४९ मध्ये मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून मुंबई राज्य कोरडं झालं. मोरारजी देसाईंच्या नावाशी ती दारूबंदी कायमची जोडली गेली. आणि नेमक्या त्याच वर्षांत याच शहरातल्या स्टुडिओंत क्लबची, बारची, झिंगलेल्या नायकांची गाणी धडाधड तयार होत होती. गुरुदत्तचा ‘बाज़ी’ १९५१ चा. सचिनदेव बर्मन यांचं संगीत आणि क्लबमध्ये गाणारा गीता रॉयचा, म्हणजे पुढच्या गीता दत्तचा, आवाज. दारुड्याची भूमिका करून दिलीपकुमारने ज्यासाठी पहिलं फिल्मफेअर पारितोषिक घेतलं तो ‘दाग़’ १९५२ चा. ‘हावडा ब्रिज’ १९५८ चा, ओ. पी. नय्यर, गीता दत्त आणि पडद्यावर हेलन. पडद्यावर बाटल्या फुटत होत्या आणि पिटातला प्रेक्षक कायद्याने कोरडा होता. पडद्यावरचा सगळ्यात लाडका दारुडा जॉनी वॉकर. बेस्टचा हा माजी कंडक्टर नाव व्हिस्कीचं लावायचा आणि स्वतः दारूला शिवत नसे.

दुसरी बंदी गाण्यांवर आली. माहिती आणि नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या काळात आकाशवाणीवर सिनेसंगीत आक्रसलं. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि अमीन सायानींचा आवाज घराघरात पोचला. आकाशवाणीला शहाणपण येऊन ‘विविध भारती’ निघाली ती ३ ऑक्टोबर १९५७ ला. म्हणजे काही वर्षं मुंबईकराची दारू चोरून विकणाऱ्या आंटीच्या अड्ड्यावरून यायची आणि गाणी समुद्रापलीकडून. माझ्या काउंटरवरचे म्हातारे या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगत. माहीम-वांद्र्याच्या आंटीकडे राडा होत नसे म्हणत. आवाज वाढला तर पोलीस येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या गाण्यांमागचे हात बरेचसे गोव्याचे. अल्दोन्याचे अंतोनियो झेवियर वाझ म्हणजे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट. ताज आणि ग्रीन्ससारख्या हॉटेलांत जॅझ वाजवणारा हा माणूस सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त १९५१ मध्ये पडद्यावरही दिसतो. शंकर-जयकिशन आणि नय्यर यांची वाद्यरचना सेबॅस्टियन डिसोझा बसवून देत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात त्यांचंच नाव आहे. रात्री हॉटेलात साहेबांना नाचवायचं आणि दिवसा स्टुडिओत नायकाला, असा त्यांचा दिनक्रम होता. पुणतांब्यात जन्मलेले सी. रामचंद्र आणि गिरणी कामगाराचा मुलगा असलेले मास्टर भगवान यांनी हे गोव्याचं वादन लालबागच्या चाळीत आणून सोडलं. गणपतीच्या मिरवणुकीत आजही ज्या पद्धतीने हात हलतात तो ‘अलबेला’चाच नाच.

तलत किती वाजता लावावा?

साठच्या दशकापासून दारूबंदी टप्प्याटप्प्याने सैल होत गेली आणि परमिट रूम आल्या. कायदा मात्र आजही दारूबंदीचाच आहे. पिणाऱ्याने परवाना घ्यायचा. एका दिवसाचा विदेशी दारूसाठी पाच रुपयांना, देशीसाठी दोन रुपयांना. भिंतीवर एफएल-३ चा परवाना, टेबलाखाली एक्साइजचं रजिस्टर आणि रेकॉर्ड केलेली गाणी वाजवायची तर त्याचं वेगळं लायसन्स. मी लागलो तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाने गिरणगाव मोडून पडलं होतं. क्वार्टर चौघांत वाटून पिणारी माणसं येत आणि टेपवर पंकज उधास यांच्या पिण्याबद्दलच्या गझला लागत. कॅसेट स्वस्त झाल्या होत्या, फर्माईश रोजची होती आणि मालक खूश होता.

तो का खूश होता हे पुढे एका अभ्यासाबद्दल वाचलं तेव्हा लक्षात आलं. जेम्स शेफर आणि पॉल बाक यांनी अमेरिकेतल्या बारमधल्या कंट्री संगीताचा अभ्यास १९७९ मध्ये छापला. गाण्याची लय जितकी संथ, तितकं पिणं भरभर. माणूस गाण्यात रुततो आणि हात ग्लासाकडे जात राहतो. फ्रान्समध्ये निकोला गेगाँ यांनी आवाजाची पातळी ७२ डेसिबलवरून ८८ वर नेऊन पाहिली. गिऱ्हाइकांचा बिअरचा ग्लास सुमारे तीन मिनिटं आधी संपू लागला आणि ऑर्डरी वाढल्या. म्हणजे संथ गाण्यानेही पिणं वाढतं आणि मोठ्या आवाजानेही. कर्कश आवाजात बोलायची सोय राहत नाही, मग प्यायचंच उरतं. शेजारी ओरडून बोलला तरी तो आपल्यावरच खेकसतोय असं वाटायला लागतं.

त्यावरून मी माझी रात्र आखली. तलत महमूद, हेमंतकुमार, गीता दत्तची दुखरी गाणी सात ते नऊ. तेव्हा पोटात फार नसतं, ऐकणारा खरंच ऐकतो. नऊनंतर रफी आणि नय्यर, टांग्याच्या ठेक्यावर. शेवटच्या तासात लय चालती आणि आवाज बारीक. या गाण्यांवर माणूस मान हलवतो, बोटं वाजवतो, पण बुडत नाही. शेवटची पंधरा मिनिटं गाणं बंद आणि सगळ्या ट्यूब चालू. बाराला तलत लावण्यासाठी मला शंभराच्या नोटा दाखवल्या गेल्या आहेत. मी नाही लावला, आणि तलत माझा सगळ्यात लाडका गायक आहे.

बाटलीची मान

राडा जवळ आला की काउंटरवरून आधी हात दिसतात, आवाज नंतर कानावर येतो. बिअरची रिकामी बाटली माणूस पोटाकडून धरतो. ती मानेकडून धरली गेली की वेटरला नुसत्या डोळ्याने खूण करायची. खुर्ची मागे सरकते, बुटाची टाच आत जाते, आणि सतत बडबडणारा मधेच गप्प होतो. ही चुप्पी शिवीपेक्षा वाईट.

एका शनिवारी मॅच हरल्यावर असं झालं. कोपऱ्यातल्या चौघा पोरांना बप्पी लाहिरी हवे होते, खांबाजवळच्या दोघा निवृत्त गिरणी कामगारांना रफी. मी रफी लावला होता. एक पोरगा उठला, बाटली मानेने धरलेली. मी काउंटर सोडला नाही, कारण मध्ये समोरून घुसणाऱ्याला पहिला फटका बसतो. वेटरने खांबाजवळच्या टेबलावरच्या काचा ‘साफ करतो हां काका’ म्हणत उचलल्या. दुसऱ्याने बाजूची ट्यूब लावली. मी ‘अलबेला’तलं एक गाणं लावलं, जे पोरांनी मिरवणुकीत नाचून आणि काकांनी थेटरात बघून पाठ केलेलं होतं. मग त्या पोरांत सगळ्यात कमी प्यालेला कोण ते बघून त्याला नावाने हाक मारली. तो मित्राच्या खांद्यावर हात टाकून त्याला बाहेर सिगारेटला घेऊन गेला. बिल कुणालाही दिलं नाही. तापलेल्या टेबलावर बिल ठेवणं म्हणजे आगीत तेल.

गाण्याने राडा टळला, असं लिहायला मला फार आवडलं असतं. टाळला त्या मित्राने. गाण्याने त्याला उठायला अवधी दिला, एवढंच. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावत, म्हणून त्या काळची गाणी तेवढीच. आम्हाला तितकी पुरतात.

गाण्यावर जास्त भिस्त ठेवू नये, याचा पुरावा फिलिपिन्समध्ये आहे. तिथल्या कराओके बारमध्ये फ्रँक सिनात्राचं ‘माय वे’ गाण्यावरून भांडणं होऊन माणसं मेली आणि कित्येक बारनी ते गाणं यादीतूनच काढलं. गाणं तेच; माईक कुणाच्या हातात, कोण हसलं, कुणाचा नंबर चुकला, यावर सुरी निघाली.

घड्याळ आणि बटण

सरकारला राड्यावर उपाय सुचतो तो बहुधा बंदीचा. वर्धा, गडचिरोली कोरडे जिल्हे. चंद्रपूर २०१५ ते २०२१ कोरडं होतं. डान्स बारवर २००५ मध्ये बंदी आली, २०१३ मध्ये ती सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही, नवे कायदे झाले, २०१९ मध्ये त्यांतल्याही अटी सैल झाल्या. या सगळ्यात नीतीची चर्चा भरपूर झाली, पण काचा कुणी उचलायच्या याची झाली नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल शहराने २००८ मध्ये वेगळं केलं. पहाटे पाचऐवजी साडेतीनपर्यंत बार, आणि ठरावीक वेळेनंतर नव्या गिऱ्हाइकाला आत प्रवेश नाही. मारहाणीच्या घटना ३७ टक्क्यांनी घटल्या. पिणाऱ्यांची नीती बदलली नव्हती, घड्याळ बदललं होतं. आमच्याकडे मुंबईत दीडला शटर पडतं, पण खरी मारामारी त्याआधीच्या अर्ध्या तासाची असते, जेव्हा उशिरा आलेला माणूस तासाचं पिणं पंधरा मिनिटांत बसवू बघतो.

आता बहुतेक बारमध्ये गाणी काउंटरवरून लागत नाहीत. मालकाचा मोबाइल, नाहीतर गिऱ्हाइकाचाच ब्लूटूथ. आवाजाचं बटण ज्याच्या पोटात चार लार्ज आहेत त्याच्या हातात जातं, आणि मग दारात दोन बाउन्सर उभे करावे लागतात. बाउन्सर राडा झाल्यावर कामाला येतो, तेही एका बाजूला झुकून. त्याच्या पगाराच्या निम्म्यात एक जुना वेटर टिकतो, ज्याला गिऱ्हाइकांची नावं पाठ असतात, कोण कुणाचा मित्र ते ठाऊक असतं आणि लास्ट ऑर्डर अर्धा तास आधी घ्यायची अक्कल असते. नवा बार टाकणारा कुणी सल्ला मागायला आला तर मी एवढंच सांगतो: चखणा चांगला ठेव, जुना वेटर सोडू नकोस, आवाजाचं बटण काउंटरच्या आत ठेव. आणि तलत ऐकायचाच असेल तर सातला ये.