संपर्क तुटतो कुठे?

पुण्यातील एका शाळेत लॅपटॉपवरून शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे काम चालू होते. मुदत संपायला आठवडाच उरला होता आणि वाय-फायचा संपर्क सारखा तुटत होता. अर्धा भरलेला अर्ज पुसला जाई, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! कोणी म्हणे लॅपटॉप जुना झाला, कोणी म्हणे बाहेरून येणारी लाइनच खराब. नवा लॅपटॉप घ्यायचे जवळजवळ ठरले होते. आम्ही सुचवले, आधी प्रयोग तर करू.

प्रयोगशाळेत आपण मुलांना एक नियम शिकवतो : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तोच इथे वापरला. लॅपटॉपशेजारी त्याच वाय-फायवर एक मोबाइल ठेवला. संपर्क दोघांचाही एकदमच तुटला. म्हणजे लॅपटॉप निर्दोष. मग लॅपटॉप केबलने राउटरला जोडला. संपर्क अखंड राहिला. म्हणजे लाइनही निर्दोष. दोष होता तो मधल्या हवेतल्या प्रवासात.

आता संपर्क तुटण्याच्या वेळा वहीत लिहिल्या. बहुतेक नोंदी मधल्या सुट्टीच्या निघाल्या! शिक्षकखोलीत त्या वेळी डबे गरम होतात आणि राउटर मायक्रोवेव्ह ओव्हनला खेटूनच होता. ओव्हनमध्ये पाण्याचा पेला ठेवून तो चालू केला, संपर्क गेला. बंद केला, परत आला. तीनदा तेच घडले.

असे का व्हावे? ओव्हनमधील लहरींची वारंवारता 2.45 गिगाहर्ट्झ असते. वाय-फायचा एक पट्टा 2.4 ते 2.4835 गिगाहर्ट्झ, म्हणजे त्याच जागेतला. या लहरींची लांबी सुमारे 12 सेंटिमीटर. ओव्हनच्या दारावरील जाळीची भोके अगदी बारीक असल्याने लहरी बहुतांशी आत अडतात. पण आत शेकडो वॅट शक्ती असते आणि राउटरची शक्ती साधारण एक दशांश वॅट. त्यामुळे किंचित गळतीही राउटरचा आवाज बुडवते. दार धड असेल तर ही गळती माणसाला अपायकारक नसते.

राउटर दुसऱ्या भिंतीवर उंच बसवला आणि लॅपटॉप 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर नेला. अर्ज वेळेत गेले. हा पट्टा भिंतींतून मात्र कमी आरपार जातो, हे लक्षात ठेवावे.

मोबाइल नीट चालतो आणि लॅपटॉपच अडखळतो, असे असेल तर? तो चार्जरला जोडून पाहावा. बॅटरीवरच संपर्क तुटत असेल, तर वीज वाचवण्यासाठी लॅपटॉप आपले वाय-फाय झोपवत असण्याचा संभव आहे. ती सोय सेटिंगमध्ये बंद करता येते. शेजाऱ्यांच्या राउटरांची गर्दी असेल, तर 1, 6 किंवा 11 यांपैकी मोकळा चॅनेल निवडावा. हे तीन एकमेकांवर चढत नाहीत.

पुणे जिल्ह्यातच नारायणगावजवळ खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तेथे पाहुण्यांना मोबाइल बंद ठेवावे लागतात. दूरच्या दीर्घिकांची कुजबुज ऐकायची, तर जवळचा गोंगाट थांबायलाच हवा. शिक्षकखोलीतही प्रश्न तोच होता. यंत्र बदलण्याआधी वर्गातील मुलांच्या हाती वही द्या आणि वेळा नोंदवायला सांगा.