घरबसल्या नर्सिंगची पदवी, पण परवाना कुठला?

अमेरिकेत नर्सिंगची पदवी घरबसल्या मिळते, असं काही जण छातीठोकपणे सांगतात. तसली पदवी घेऊन परवाना मागायला गेलं की हात हलवत परत यावं लागतं, असं दुसरे तितक्याच ठामपणे सांगतात. दोघांकडे उदाहरणं असतात आणि गंमत म्हणजे दोघांचीही उदाहरणं खरी असतात. घोळ होतो तो दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत कोंबल्यामुळे. पदवी देतं विद्यापीठ. रुग्णाला हात लावण्याची कायदेशीर मुभा देतं त्या त्या राज्याचं नर्सिंग मंडळ. प्रत्येक राज्याचा नर्सिंगचा कायदा स्वतंत्र आहे, आणि मंडळाला पदवीच्या कागदापेक्षा त्यामागचं शिक्षण कुठे, कसं आणि कुणाच्या देखरेखीखाली झालं यात जास्त रस असतो. त्यामुळे ‘दूरशिक्षणाची पदवी चालते का?’ या प्रश्नाला एकच उत्तर असूच शकत नाही. अर्जदाराच्या हातात परवाना आधीपासून आहे की नाही, आणि नोकरी कुठल्या राज्यात करायची आहे, या दोन गोष्टी कळल्याशिवाय कुणी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणत असेल, तर ते उत्तर अंदाजपंचे समजावं.

पहिला गैरसमज असा की दूरशिक्षण म्हणजे मुळातच कमअस्सल शिक्षण. ज्या परिचारिकेने दोन वर्षांचा असोसिएट अभ्यासक्रम किंवा डिप्लोमा करून आरएन, म्हणजे नोंदणीकृत परिचारिकेचा परवाना मिळवला आहे, तिला पुढे बीएस्सी करायची असेल, तर तो अभ्यासक्रम ऑनलाइन करणं आज अगदी नेहमीचं आहे. न्यू यॉर्क राज्याने तर 2017 साली कायदा करून नव्या आरएन परिचारिकांना दहा वर्षांच्या आत ही पदवी घेण्याचं बंधन घातलं. ड्युटी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी ऑनलाइन वर्ग हाच त्यात सोयीचा मार्ग. इथे मंडळ फारशी खळखळ करत नाही. इंजेक्शन, सलाइन, ड्रेसिंग, बाळंतपण, मानसोपचाराचा वॉर्ड हे सगळं पहिल्या परवान्याआधीच झालेलं असतं आणि संशोधन, व्यवस्थापन, सार्वजनिक आरोग्य हे विषय पुस्तकातून आणि पडद्यावरून शिकता येतात. ‘चालते’ म्हणणाऱ्यांची बहुतेक उदाहरणं या गटातली असतात.

खरी अडचण पहिल्या परवान्याची आहे आणि ती समजून घ्यायला एक्सेल्सियरसारखं दुसरं उदाहरण नाही. न्यू यॉर्कच्या रीजेंट्स मंडळाने 1971 साली बाहेरून पदवी देण्याचा एक कार्यक्रम सुरू केला. पुढे तो रीजेंट्स कॉलेज, 2001 पासून एक्सेल्सियर कॉलेज आणि आता एक्सेल्सियर विद्यापीठ झाला. त्याचा नर्सिंग अभ्यासक्रम कुणालाही खुला नव्हता. आधीच रुग्णसेवेत असलेल्यांसाठी, म्हणजे एलपीएन (आरएनच्या खालच्या पायरीचा परवाना असलेल्या परिचारिका), पॅरामेडिक, लष्करातले वैद्यकीय सहायक अशांसाठी तो आखला होता. विचार साधा होता: माणूस कुठे शिकला ते विचारू नका, त्याला काय येतं ते तपासा. लेखी परीक्षा झाल्यावर शेवटी एका शनिवार-रविवारला जोडून, रुग्णालयातच, अडीच दिवसांची प्रत्यक्ष परीक्षा होई. आधी शिरेतून औषध देणं, इंजेक्शन, जखमेची मलमपट्टी अशा कसोट्या, मग खरे रुग्ण: दोन प्रौढ, एक मूल. परीक्षक शेजारी उभा. ठरलेल्या बाबींपैकी एखादी जरी सुटली, अगदी हात धुवायचे राहिले, तरी त्या रुग्णापुरता उमेदवार नापास. ही परीक्षा लेचीपेची नव्हती, हे तिचे टीकाकारही नाकारू शकत नाहीत. नर्सिंग शिक्षणाला मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची मोहोरही अभ्यासक्रमावर होती.

तरीही कॅलिफोर्नियाने या पदवीला दार बंद केलं. तिथल्या नियमाप्रमाणे वृद्धसेवा, मेडिकल-सर्जिकल, मानसोपचार, प्रसूती आणि बालरोग या पाचही क्षेत्रांत वर्गातलं शिक्षण आणि वॉर्डमधला सराव बरोबरीने चालायला हवेत. एक्सेल्सियरमध्ये सराव विद्यापीठाच्या देखरेखीखाली होत नव्हता. शेवटी परीक्षा तेवढी होत होती. मंडळाने 2003 च्या डिसेंबरपासून पुढे प्रवेश घेणाऱ्यांना अपात्र ठरवलं. विद्यापीठ कोर्टात गेलं आणि 2006 साली अपील न्यायालयाने मंडळाची बाजू उचलून धरली. जॉर्जियासारख्या राज्याने मधला मार्ग काढला: पदवीनंतर देखरेखीखालच्या कामाचे जादा तास भरा, मग परवाना घ्या. एकच पदवी, एकच परीक्षा, पण न्यू यॉर्कमध्ये परवाना, जॉर्जियात अटी आणि कॅलिफोर्नियात नकार. म्हणजे ‘अभ्यासक्रमाला राष्ट्रीय मान्यता आहे’ हे वाक्य खरं असूनही अर्जदाराच्या कामाचं नसू शकतं.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो बिनबुडाचा नाही. परवान्यासाठी सगळ्या अमेरिकेत एनक्लेक्स नावाची एकच परीक्षा आहे. ती पास झालेल्या माणसाला तो शिकला कसा हे विचारायचं कशाला? याचं उत्तर 2023 च्या जानेवारीत मिळालं. फ्लोरिडातल्या काही संस्थांनी 7,600 हून अधिक बनावट नर्सिंग पदव्या विकल्याचा तपास तेव्हा उघड झाला आणि पंचवीस जणांवर आरोप ठेवले गेले. बनावट कागदाच्या जोरावर परीक्षेला बसलेल्यांपैकी हजारो जण ती पासही झाले होते. एनक्लेक्स ही संगणकावरची परीक्षा आहे. ती निर्णयक्षमता बऱ्यापैकी तपासते. रात्रपाळीत श्वास लागलेल्या रुग्णाशेजारी उभं राहून काय दिसलं, काय सुटलं आणि वरिष्ठ बाईंनी हात धरून काय दुरुस्त केलं, हे तिला तपासता येत नाही. एक्सेल्सियरच्या विद्यार्थ्यांना या बनावट पदवीधरांच्या रांगेत बसवणं अन्यायाचं होईल. त्यांच्यापाशी कामाचा खरा अनुभव होता. पण फक्त परीक्षेच्या निकालावर परवाना द्यायचा ठरवलं, तर या दोघांत फरक करण्याचं साधन मंडळाच्या हाती उरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे: वॉर्डमध्ये तास भरले म्हणजे कौशल्य आलं, हे कशावरून? अमेरिकेतल्या नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेनेच याचा मोठा अभ्यास केला आणि तो 2014 साली प्रसिद्ध झाला. दहा संस्थांमधल्या सहाशेहून अधिक विद्यार्थ्यांत वॉर्डमधले निम्म्यापर्यंत तास सिम्युलेशनने, म्हणजे कृत्रिम रुग्ण आणि रचलेले प्रसंग वापरून भरले, तरी निकालात लक्षणीय फरक दिसला नाही. तेव्हा तासांचा आकडा पवित्र नाही, हे मान्यच करायला हवं. मात्र याच अभ्यासात सिम्युलेशन प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखाली, चांगल्या साधनांनिशी झालं होतं आणि उरलेले निम्मे तास खऱ्या रुग्णांपाशीच गेले होते. त्यातून निघतं ते एवढंच की वॉर्डला काही प्रमाणात पर्याय आहे. देखरेखीला पर्याय असल्याचा पुरावा त्यात नाही. माझ्या मते कॅलिफोर्नियाचा ‘बरोबरीने’चा आग्रह गरजेपेक्षा ताठर आहे, पण त्यामागची चिंता रास्त आहे.

मग सोप्या राज्यात परवाना काढून तो दुसरीकडे नेला तर? ही युक्तीही सांगितली जाते. चाळीसहून अधिक राज्यं नर्स लायसन्स कॉम्पॅक्ट या करारात आहेत आणि तिथे एक परवाना अनेक राज्यांत चालतो. कॅलिफोर्निया आणि न्यू यॉर्क मात्र त्यात नाहीत. करारात नसलेलं राज्य अर्ज आल्यावर मूळ शिक्षण पुन्हा तपासू शकतं. उलट कॅलिफोर्नियातच एक तीस युनिटांचा मार्ग आहे, ज्यातून एलव्हीएन (एलपीएनचंच तिथलं नाव) पदवीशिवाय आरएन होऊ शकते; तो परवाना बाकीची राज्यं सहसा स्वीकारत नाहीत. पदवी आणि परवाना एकमेकांपासून किती सुटे असू शकतात, हे यावरून दिसतं.

महाराष्ट्रातून तिकडे जाणाऱ्या जीएनएम किंवा बीएस्सी परिचारिकांना हा मुद्दा दूरचा वाटेल, पण तसा तो नाही. कॅलिफोर्नियाच्या त्याच नियमाने परदेशात शिकलेल्या, विशेषतः फिलिपिन्समधल्या, अनेक परिचारिकांचे अर्ज अडले. वर्गात एक विषय या सत्रात आणि त्याचा वॉर्ड पुढच्या सत्रात, एवढ्यावरून. आपल्याकडचं चित्रही याच तत्त्वावर उभं आहे. इग्नूचा दूरशिक्षणातला पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग अभ्यासक्रम आधीच नोंदणी असलेल्या परिचारिकांसाठी आहे आणि त्यातही प्रात्यक्षिकं करावीच लागतात. एरवी यूजीसीच्या 2020 च्या नियमांत दूरशिक्षणातून न देण्याच्या विषयांच्या यादीत नर्सिंग आहेच. बारावीनंतर थेट पत्राने नर्स करून देतो म्हणणारी जाहिरात दिसली, तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी त्यातून मिळणार का, एवढंच विचारावं.

अमेरिकेत 2024 च्या जुलैपासून संघराज्याच्या विद्यार्थी-साहाय्याचा पैसा घेणाऱ्या संस्थांवर, विद्यार्थी राहतो त्या राज्याच्या परवान्याच्या शैक्षणिक अटी अभ्यासक्रम पूर्ण करतो याची खात्री करण्याची जबाबदारी आहे. पण ही खात्री मुख्यतः विद्यार्थी प्रवेशाच्या वेळी जिथे राहतो त्या राज्यापुरती. नवऱ्याची बदली झाली, व्हिसा बदलला, टेक्ससमधून कॅलिफोर्नियात बिऱ्हाड हललं, तर ती बरोबर येत नाही. म्हणून फी भरण्याआधी, जिथे नोकरी करायची आहे त्या राज्याच्या नर्सिंग मंडळाला अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव आणि संस्थेचं गाव लिहून विचारा, आणि उत्तर लेखीच घ्या. प्रवेश देणाऱ्या समुपदेशकाचं फोनवरचं ‘हो’ कुठलंही मंडळ ग्राह्य धरत नाही.