विश्लेषण : रस्ता पुन्हा काळाभोर झाला, पण डांबर तरुण झाले का?

कुहीतून नागपूर, उमरेड किंवा मांढळकडे नेहमी जाणाऱ्यांना डांबराचे वय सांगावे लागत नाही. नवा रस्ता काळाभोर असतो. काही उन्हाळ्यांनंतर तो राखाडी पडतो, भेगाळतो आणि पावसाळ्यात गिट्टी सुटू लागते. अशा वेळी जुन्याच डांबरात जीव आणणारी पुनरुज्जीवक द्रव्ये वापरता येतात. त्यांचा गुण आला की नाही, हे कसे ओळखायचे?

डांबर म्हातारे का होते?

डांबरात तेलकट घटक असतात, तसेच अस्फाल्टीन हे जड घटकही असतात. उष्णता आणि हवेतील प्राणवायूमुळे तेलकट भाग घटतो, जड भाग वाढतो. मग डांबर लवण्याऐवजी तडकते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि रस्ता त्याहून जास्त तापतो. त्यामुळे इथे हे लवकर घडते.

उपचार कोणते?

एक म्हणजे पृष्ठभागावर फवारणी. ती वरच्या काही मिलिमीटरपर्यंतच मुरते. दुसरा, जुना थर खरवडून त्यात हे द्रव्य मिसळायचे आणि पुन्हा अंथरायचे. डांबरी थरांच्या पुनर्वापरासाठी ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ची ‘आयआरसी : १२०’ ही मार्गदर्शिका २०१५ पासून आहे.

तपासणी कशी होते?

रस्त्यातून गोल नमुना कापून द्रावकाने डांबर वेगळे करतात. २५ अंश तापमानाला १०० ग्रॅम भाराची सुई ५ सेकंदांत त्यात किती रुतते, हे मोजतात. नव्या ‘व्हीजी-३०’ डांबरात ती किमान ४.५ मिलिमीटर रुतावी लागते. जुन्यात ती कमी रुतते.

सुई रुतली, म्हणजे झाले?

खरी गोम इथेच आहे. कोणतेही तेल घातले तरी डांबर मऊ होते. शिवाय रस्त्यात नुसतेच साचलेले तेलही द्रावकात डांबराशी एकजीव होते आणि निकाल प्रत्यक्षापेक्षा चांगला दिसतो. म्हणून उपचारानंतरचे डांबर २.१ मेगापास्कल दाबाच्या हवेत, साधारण १०० अंशांवर २० तास ठेवून पुन्हा ‘म्हातारे’ करतात. त्यानंतरही ते लवचीक राहिले, तरच उपचार टिकाऊ. द्रव्य जास्त झाले तर उन्हाळ्यात चाकांच्या वाटेवर खोलगट पट्टे पडतात.

नागपूर जिल्ह्यात काय सुरू आहे?

डिसेंबर २०२४ मध्ये मनसर येथे राष्ट्रीय महामार्ग ४४ वर लिग्निनपासूनच्या जैव-डांबराच्या पट्ट्याचे उद्घाटन झाले. तो नव्या डांबराचा प्रयोग आहे. पण कसोटी तीच, उन्हाळे किती सोसणार?

गावकऱ्यांनी काय विचारावे?

फवारणीआधी आणि नंतर नमुने घेतले का? तुलनेसाठी शेजारचा थोडा रस्ता उपचाराविना ठेवला का? फवारणीनंतर चाकांची पकड मोजली का? आणि वर्षभराने पुन्हा तपासणार का? चारही उत्तरे ‘हो’ नसतील, तर रस्ता फक्त रंगला, असेच समजावे.